नवं संशोधन गावच्या दवाखान्यापर्यंत कसं पोचतं?

(सोनई, ता. नेवासे येथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन)

मित्रहो, नेवासे तालुक्यात उभं राहून ज्ञानाच्या प्रसाराबद्दल बोलायचं म्हणजे थोडं धाडसच. शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, इथून जवळच प्रवरेकाठी एका खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी संस्कृतातलं ज्ञान मराठीत सांगितलं आणि सच्चिदानंद बाबांनी ते उतरून घेतलं, अशी आपली परंपरा सांगते. सांगणारा एक, उतरून घेणारा दुसरा. आजचा आमचा विषय वैद्यकाचा आहे, पण गोष्ट तीच: कुणीतरी कुठंतरी काही शोधतं, ते उतरून घेतलं जातं, आणि मग ते ज्याला हवंय त्याच्यापर्यंत पोचतं, किंवा पोचत नाही. वैद्यकात न पोचण्याची किंमत रोगी भरतो, म्हणून हा इतिहास बघायचा.

सोनईचा, घोडेगावचा किंवा कुठल्याही बाजारगावचा डॉक्टर डोळ्यांसमोर आणा. सकाळी नऊला ओपीडी सुरू. बाजाराच्या दिवशी बाहेर बाकांवर जागा नसते. ऊसतोडीच्या हंगामात रात्री दोनला बैलगाडीतून नाहीतर मोटारसायकलवर मध्ये धरून रोगी येतो. हा माणूस वाचणार कधी? २०१० साली हिल्डा बास्टियन, पॉल ग्लॅझिऊ आणि इयन चामर्स या तिघांनी एक हिशोब मांडला होता. जगात रोज औषधोपचारांच्या सुमारे ७५ चाचण्या आणि ११ पद्धतशीर आढावे प्रसिद्ध होतात, असा तो हिशोब. रोज! त्याला आता पंधरा वर्षं झाली. डॉक्टरांनी वाचत राहावं असं म्हणणं सोपं आहे. पण माणूस आळशी म्हणून मागं पडतो, हे आम्हाला पटत नाही. मधला रस्ताच नीट बांधलेला नाही. आणि हा रस्ता बांधायचे प्रयत्न दोनशे वर्षं चालू आहेत.

सुरुवात लंडनपासून करू. ५ ऑक्टोबर १८२३ ला थॉमस वाकली या डॉक्टरानं 'लॅन्सेट' नावाचं साप्ताहिक काढलं. त्यात काय होतं? सर ॲस्टली कूपर या नामवंत सर्जनची व्याख्यानं. ती लंडनच्या इस्पितळात व्हायची, ऐकायला पैसे भरावे लागायचे, आणि परगावच्या डॉक्टरांच्या कानावर ती पडणं शक्यच नव्हतं. वाकलीनं ती उतरवून छापायला सुरुवात केली, कुणाला न विचारता. म्हणजे आपण आत्ता करतोय तेच, फक्त परवानगीशिवाय. कूपरनं फारसं मनावर घेतलं नाही. जॉन ॲबरनेथी हा दुसरा सर्जन मात्र कोर्टात गेला आणि १८२५ मध्ये त्यानं मनाई हुकूम मिळवला. त्याचं म्हणणं, माझं व्याख्यान ही माझी मालमत्ता आहे. हे भांडण लक्षात ठेवा. वैद्यकातलं ज्ञान कुणाच्या मालकीचं, हा प्रश्न तेव्हापासून आहे आणि शेवटी आपण पुन्हा त्याच प्रश्नाशी येणार आहोत.

आपल्याकडे काय चाललं होतं? १८४५ मध्ये मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झालं. पहिल्या तुकडीत भाऊ दाजी लाड होते. पण शिक्षण इंग्रजीत, विद्यार्थी थोडे, आणि जिल्ह्याजिल्ह्यांत दवाखाने उघडायचे तर माणसं कुठून आणणार? म्हणून १८६१ मध्ये तिथंच मराठी आणि गुजराती वर्ग सुरू झाले. हो, वैद्यक मराठीतून! डॉ. सखाराम अर्जुन हे या मराठी वर्गाला शिकवणाऱ्यांतलं मोठं नाव. डॉ. रखमाबाईंचे ते सावत्र वडील. त्यांनी मराठीत वैद्यकावर पुस्तकंही लिहिली. पुढे पुण्यातही मेडिकल स्कूल निघालं.

या वर्गांतून बाहेर पडलेली माणसं तालुक्याच्या दवाखान्यांत गेली आणि तिथंच अडकली. शिकताना जी पुस्तकं हातात आली ती मराठीत, पण नंतरच्या नव्या गोष्टी सगळ्या इंग्रजी नियतकालिकांत. 'इंडियन मेडिकल गॅझेट' १८६६ पासून कलकत्त्याहून निघायचं, ते वाचणार कोण? नगरमधून 'ज्ञानोदय' १८४२ पासूनच निघू लागलं होतं, म्हणजे मराठीत छापून गावोगाव पोचवण्याची सोय आपल्या जिल्ह्यात होती. वैद्यकातलं नवं मात्र त्या वाटेनं नियमितपणे आलं नाही. पाठ्यपुस्तक एकदा छापलं की तिथंच थांबतं. माणूस पंचविसाव्या वर्षी शिकलेलं साठाव्या वर्षापर्यंत वापरतो. ही गोष्ट १८७० ची आहे आणि आजचीही आहे.

अमेरिकेत जॉन शॉ बिलिंग्ज या लष्करी डॉक्टरानं १८७९ मध्ये 'इंडेक्स मेडिकस' काढला: जगभरच्या वैद्यकीय लेखांची विषयवार यादी. तीच यादी १९६४ मध्ये संगणकावर गेली, १९७१ मध्ये 'मेडलाइन' झाली आणि १९९७ पासून 'पबमेड' या नावानं सगळ्यांना फुकट उघडी झाली. मोठं काम आहे, यात शंका नाही. पण यादी म्हणजे उत्तर नव्हे. तिच्यात एका प्रश्नाला चारशे लेख सापडतात आणि बाहेर बाकावर तीस रोगी बसलेले असतात.

आता आपल्या तालुक्यात येऊ. नगर–संभाजीनगर रस्त्यावरचं वडाळा बहिरोबा सगळ्यांना माहीत आहे. तिथलं मिशनचं इस्पितळ जुनं. १९६२ ते ६६ या काळात तिथं दोन तरुण डॉक्टर काम करत होते, रजनीकांत आणि मेबल आरोळे. दोघंही वेल्लोरचे पदवीधर. रजनीकांत आपल्याच जिल्ह्यातले. वडाळ्यात त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली: तेच रोगी, तेच आजार घेऊन पुन्हा पुन्हा येतात. जुलाब, खोकला, बाळंतपणातली गुंतागुंत. इस्पितळात बरं करून पाठवायचं आणि दोन महिन्यांनी तोच माणूस परत दारात. पुढे दोघं अमेरिकेत गेले, जॉन्स हॉपकिन्सला सार्वजनिक आरोग्य शिकले, आणि १९७० मध्ये परत येऊन जामखेडला काम सुरू केलं.

जामखेडची गोष्ट अनेकदा सांगितली गेलीय. १९७९ चा मॅगसेसे पुरस्कार, जागतिक आरोग्य संघटनेच्या १९७५ च्या पुस्तकात आलेलं प्रकरण, ते सगळं आहेच. आम्हाला त्यातला एकच धागा हवाय, आणि तो सहसा निसटतो. गावोगावच्या बायका, बऱ्याचशा निरक्षर, कित्येक दलित, यांना आरोग्य कार्यकर्त्या म्हणून तयार केलं. पण एकदा प्रशिक्षण देऊन सोडलं नाही. त्या दर आठवड्याला जामखेडला येत राहिल्या, वर्षानुवर्षं. आठवडाभरात गावात काय दिसलं ते प्रत्येकीनं सांगायचं. कुणाचं बाळ दगावलं, का दगावलं, कुणी काय करून पाहिलं. बाकीच्या प्रश्न विचारायच्या. मग डॉक्टर किंवा नर्स एखादी नवी गोष्ट सांगायची, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा तीच विचारायची. वाचता येत नाही म्हणून तोंडी, गाण्यातून, हातानं करून.

याचा नव्या संशोधनाशी काय संबंध, असं वाटेल. साखर-मिठाच्या पाण्याचंच बघा. १९७१ मध्ये बांगलादेशच्या युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला, सलाइन संपलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी नातेवाइकांच्या हातून तोंडावाटे साखर-मिठाचं पाणी देऊन माणसं वाचवली. त्यांचा लेख १९७३ मध्ये छापला गेला. १९७८ मध्ये 'लॅन्सेट'नं अग्रलेखात म्हटलं की हा या शतकातला कदाचित सर्वांत महत्त्वाचा वैद्यकीय शोध असेल. त्यानंतरही कितीतरी वर्षं शिकलेले डॉक्टर जुलाबाला सलाइन आणि अँटिबायोटिक लावत राहिले. आजही लावतात, आपण सगळ्यांनी पाहिलंय. जामखेडच्या बाया मात्र हे पाणी घरोघर करायला शिकवत होत्या. १९७१ मध्ये तिथला बालमृत्युदर हजारी १७६ होता. १९९० च्या दशकात तो विसा-पंचविसाच्या घरात आला. याचं श्रेय एकट्या साखर-मिठाच्या पाण्याला नाही. विहिरी, लसी, धान्य, बायकांची हिंमत, सगळ्यांचा त्यात वाटा आहे. पण ज्यांना वाचता येत नव्हतं त्या बाया नव्या ज्ञानाच्या बाबतीत पदवीधरांच्या पुढे गेल्या, हे खरं आहे. ठरलेला वार, समोरासमोरची माणसं आणि स्वतःच्या गावचा रोगी, एवढ्याच भांडवलावर.

याच सुमारास, १९७४ ला, देशभरातल्या काही तरुण डॉक्टरांनी 'मेडिको फ्रेंड सर्कल' काढलं आणि १९७६ पासून त्यांचं बुलेटिन निघू लागलं. सेवाग्रामची मंडळी त्यात होती, महाराष्ट्रातली बरीच होती. अनावश्यक औषधं, इंजेक्शनांचा सुळसुळाट, यावर त्यांनी पुष्कळ लिहिलं. १९७५ मध्ये हाथी समितीचा अहवाल आला, त्यानंही थोडी आणि आवश्यक औषधं पुरेत असं सांगितलं. बुलेटिन इंग्रजीत होतं आणि त्याचे वाचक थोडे. दवाखान्यात दर आठवड्याला न चुकता येणारा वेगळाच कुणीतरी होता: एम.आर., औषध कंपनीचा प्रतिनिधी. त्यावर पुढे येऊ.

कारण आता महाडची गोष्ट सांगायची आहे, आणि ती आमच्या दृष्टीनं आजच्या विषयाचा गाभा आहे.

जालना जिल्ह्यातल्या एका खेड्यातून आलेला, नागपूरला शिकलेला तरुण डॉक्टर १९७६ मध्ये कोकणात महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाला. डॉ. हिंमतराव बावस्कर. तिथं लाल विंचवाच्या दंशानं माणसं मरत होती, विशेषतः मुलं. आपल्याकडे विंचू चावला की ठणका लागतो, रात्रभर रडायचं, सकाळी बरं, अशी समजूत. लाल विंचवाचं तसं नाही. बावस्करांनी रोग्याशेजारी बसून पाहिलं. आधी उलटी, दरदरून घाम, हातपाय बर्फासारखे गार. ठणका कमी असला तरी. मग काही तासांत छातीत घरघर, तोंडातून फेस, फुप्फुसांत पाणी, आणि शेवट. पुस्तकात याचं धड उत्तर नव्हतं. रूढ उपचार म्हणजे स्टिरॉइड, ॲलर्जीची इंजेक्शनं, झोपेची औषधं. त्यांचा उपयोग होत नव्हता.

त्यांनी ही आधीची लक्षणं लिहून काढली आणि 'लॅन्सेट'कडे पाठवली. १९८२ मध्ये ती छापून आली. वाकलीनं परगावच्या डॉक्टरांसाठी काढलेल्या साप्ताहिकात परगावचाच डॉक्टर आता लिहीत होता! त्यांचा तर्क असा होता की विषानं शरीरातल्या मज्जातंतूंची एक यंत्रणा पिसाळते, रक्तवाहिन्या आवळल्या जातात, हृदयाला त्या दाबाविरुद्ध रक्त ढकलता येत नाही आणि ते थकतं. मग आवळलेल्या वाहिन्या सैल करणारं औषध दिलं तर? प्राझोसिन नावाची रक्तदाबाची गोळी हेच करते. साधी, तोंडानं घ्यायची, कुठल्याही औषधाच्या दुकानात मिळणारी. १९८६ मध्ये त्याचा लेखही 'लॅन्सेट'मध्ये आला. डॉ. बावस्करांच्या आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्करांच्या नोंदींप्रमाणे प्राझोसिनच्या आधी गंभीर रोग्यांपैकी २५ ते ३० टक्के मरत. नंतर हे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आलं.

आता प्रश्न. लंडनला छापलेला हा शोध महाडहून पोलादपूरला, साताऱ्याला, नगरला कसा पोचला? विचार करा. 'लॅन्सेट' मुंबई-पुण्याच्या कॉलेजांच्या ग्रंथालयात यायचं. विंचू मात्र ग्रंथालयात चावत नाही! ज्याला या माहितीची सर्वांत जास्त गरज, तो वस्तीवर, रात्री, कंदिलाच्या उजेडात. आणि ज्याच्या टेबलावर तो अंक पडायचा, त्याच्याकडे विंचवाचा रोगी वर्षाला एखादा, तोही उशिरा आणलेला.

इथं एम.आर. आठवा. नव्या अँटिबायोटिकची माहिती सोनईच्या दवाखान्यात महिन्याभरात पोचते. चकचकीत कागद, नमुन्याच्या गोळ्या, पेन. प्राझोसिनचा विंचवासाठी प्रचार करण्यात कुणाचा फायदा होता? स्वस्त गोळी, दोन-चार डोस, रोगी बरा आणि घरी. असं ज्ञान वाहून न्यायला बाजारात गाडी नसते. ती गाडी बावस्करांना स्वतः व्हावं लागलं. आरोग्य केंद्रांतून व्याख्यानं, नियतकालिकांना पत्रं, वृत्तपत्रांतून लेख, वर्षानुवर्षं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा सगळ्यांनी शोधाचं कौतुक केलं. आमच्या मते शोधाइतकंच मोठं काम त्यानंतरच्या त्या पायपिटीचं आहे.

आणि गोष्ट प्राझोसिनवर थांबली नाही. मुंबईच्या हाफकिनमध्ये लाल विंचवाच्या विषावर प्रतिविष तयार होऊ लागलं. मग प्रश्न आला: प्राझोसिन एकटं द्यायचं की प्रतिविषासकट? महाडलाच ७० रोग्यांवर चाचणी झाली, कुणाला कोणता उपचार ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवून. २०११ मध्ये ती 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आली. दोन्ही दिलेले रोगी सरासरी ८ तासांत सावरले, नुसतं प्राझोसिन दिलेले साधारण १७-१८ तासांत. म्हणजे ज्या डॉक्टरानं १९९० मध्ये मोठ्या कष्टानं प्राझोसिन शिकून घेतलं आणि तिथंच थांबला, तो २०११ नंतर पुन्हा एक पाऊल मागं पडला. नवं ज्ञान एकदा मिळवून पुरत नाही, ते हे असं.

रस्ता फक्त खेड्यातच खराब आहे असं नाही. इंग्लंड-अमेरिकेतही तो तसाच होता. आर्ची कॉक्रन हा वेल्समधला डॉक्टर. महायुद्धात जर्मनांच्या कैदेत राहून त्यानं कैद्यांवर उपचार केले आणि तेव्हाच त्याला प्रश्न पडला की आपण जे देतोय त्यानं खरंच काही होतं का. १९७२ मध्ये त्यानं यावर पुस्तक लिहिलं. १९७९ मध्ये त्यानं आपल्याच पेशाला टोमणा मारला: सगळ्या चाचण्या एकत्र करून, तपासून, विषयवार आणि वेळोवेळी ताजा केलेला आढावा आपण अजून तयार केलेला नाही. इयन चामर्स यांनी ते मनावर घेतलं. आधी बाळंतपणातल्या चाचण्या गोळा केल्या, आणि १९९३ मध्ये 'कॉक्रन कोलॅबोरेशन' उभं राहिलं. चाचण्या शोधायच्या, वाईट बाजूला काढायच्या, चांगल्यांची बेरीज करायची आणि डॉक्टराला दोन पानांत सांगायचं. आमच्या मते दोनशे वर्षांतला हा सर्वांत कामाचा शोध. औषध एकही नवं नाही, पण आहे ती औषधं कुठं चालतात ते कळतं.

कॉक्रनच्या बोधचिन्हातच एक गोष्ट दडलीय. दिवस भरण्याआधी बाळंतपण होणार असेल तर आईला स्टिरॉइडचं इंजेक्शन दिल्यानं बाळाची फुप्फुसं तयार होतात, हे न्यूझीलंडच्या लिगिन्स आणि हॉवी यांनी १९७२ मध्ये दाखवलं. पुढच्या वर्षांत आणखी चाचण्या झाल्या. सुट्या सुट्या पाहिल्या तर काही इकडे, काही तिकडे. कुणी बेरीज केली नाही. १९९० च्या सुमारास बेरीज झाली, तेव्हा उत्तर स्वच्छ होतं. मधली वीस वर्षं बहुतेक आयांना ते इंजेक्शन मिळालंच नाही. बोधचिन्हातल्या आडव्या रेघा म्हणजे त्या चाचण्या आणि खालचा चौकोन म्हणजे त्यांची बेरीज.

इथपर्यंतची गोष्ट सगळे सांगतात. पुढची आपल्या भागातली आहे. जून २०१४ मध्ये केंद्र सरकारनं मार्गदर्शक सूचना काढल्या की मुदतपूर्व कळा सुरू झालेल्या बाईला मोठ्या दवाखान्यात पाठवण्याआधी ए.एन.एम.नंसुद्धा डेक्सामेथासोनचा पहिला डोस द्यावा. सिद्ध झालेलं औषध, स्वस्त, मग उशीर कशाला? त्याच वर्षी एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष बाहेर आले. सहा देश, त्यात भारतातली दोन ठिकाणं, बेळगाव आणि नागपूर. खेड्यापाड्यांत हे इंजेक्शन सरसकट वाढवलं तेव्हा लहान चणीच्या बाळांचे मृत्यू कमी झाले नाहीत, आणि एकूण नवजात मृत्यू हजारी साडेतीननं वाढलेच. धक्काच होता. कारण काय? गावात किती महिने झाले ते नीट ठाऊक नसतं. पुरे दिवस भरलेल्या बायकांनाही इंजेक्शन गेलं. शिवाय कमी दिवसांचं बाळ जन्मल्यावर सांभाळायला लागणारी सोय तिथं नव्हती.

मग २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेची चाचणी आली, भारतासह पाच देशांतली, २८५२ बायकांची, सोनोग्राफीनं दिवस पक्के केलेले आणि इस्पितळात सोय असलेली. तिथं बाळांचे मृत्यू २३.५ टक्क्यांवरून १९.६ टक्क्यांवर आले. म्हणजे औषध खरंच वाचवतं, पण कुठं आणि कुणाला हे बघून. आता सांगा, २०१४ चं परिपत्रक वाचलेली आणि पुढचं काही न वाचलेली नर्स काय करील? तिची चूक म्हणता येईल का? तिच्याकडे परिपत्रक येतं, लेख येत नाही.

गडचिरोलीचा वेगळा प्रकार आहे. अभय आणि राणी बंग यांनी ३९ गावांत, घरी जाऊन नवजात बाळ सांभाळायला गावच्याच बायकांना शिकवलं. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलं की नवजात मृत्युदर हजारी ६२ वरून २५.५ वर आला. आशाताईंमार्फत ही पद्धत राष्ट्रीय कार्यक्रमात आली २०११ मध्ये. बारा वर्षं. संशोधन आपलंच, राज्य आपलंच, तरी बारा. संशोधन रोजच्या उपचारात यायला सरासरी सतरा वर्षं लागतात असा एक आकडा वैद्यकात फार फिरतो. तो अंदाज आहे, त्यावर फार भार टाकू नये. पण बारा-वीस या घरातली आपली उदाहरणं आपण आत्ताच मोजली.

उपाय काय झाले? महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलनं नोंदणी नूतनीकरणासाठी पाच वर्षांत ३० क्रेडिट तास सक्तीचे केले. चांगलं आहे, पण हे तास कुठं भरतात? बहुधा रविवारी, हॉटेलच्या हॉलमध्ये, आणि बऱ्याच वेळा जेवणाचा खर्च कोण करतं हे आपल्याला ठाऊक असतं. मार्च २०२४ मध्ये औषध कंपन्यांसाठी विपणनाची नवी आचारसंहिता आली, भेटवस्तूंवर बंधनं आली. तरी व्याख्यानाचा विषय कोण निवडतं, हे बघावं. विंचू तिथं क्वचितच येतो. शिवाय खेड्यात रोग्याला पहिला भेटणारा डॉक्टर बहुतेकदा बी.ए.एम.एस. किंवा बी.एच.एम.एस. असतो. तो त्या हॉलमध्ये नसतोच.

इंटरनेटनं बरंच सोपं झालं. केईएमचं १९५५ पासूनचं 'जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन' फुकट वाचता येतं. २००७ मध्ये आयसीएमआरनं पैसे भरून कॉक्रनचं ग्रंथालय देशभर खुलं केलं होतं. २०२५ पासून केंद्राची 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजना सुरू झाली. तीस प्रकाशकांची सुमारे १३ हजार नियतकालिकं, तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी. पण ती सरकारी शिक्षणसंस्था आणि संशोधनसंस्थांसाठी. सोनईत स्वतःचा दवाखाना चालवणारा डॉक्टर त्यात नाही. ॲबरनेथीचं भांडण दोनशे वर्षांनी असं आपल्या दारात आलंय: व्याख्यान कुणाचं, आणि पैसे न भरलेल्या परगावच्या माणसानं ते ऐकायचं की नाही.

एका गोष्टीकडे आमचं मन वारंवार जातं. आरोळ्यांची बैठक. नेवासे तालुक्यातले आठ-दहा डॉक्टर, पदवी कुठलीही असो, महिन्यातून एका ठरलेल्या संध्याकाळी, कंपनीच्या चहाशिवाय, बसले आणि प्रत्येकानं एक रोगी सांगितला तर? एकानं त्या महिन्यात एकाच प्रश्नावरचा कॉक्रनचा आढावा वाचून यायचा. दहा जणांत वाटलं की प्रत्येकाच्या वाट्याला वर्षाला एकदा-दोनदा येतं. हे आम्ही स्वप्नातलं बोलत नाही. निरक्षर बायकांनी जामखेडला हे दर आठवड्याला केलंय, आणि त्याची सुरुवात ज्यांच्या डोक्यात झाली ते आपल्या वडाळ्यातून गेले होते. वैद्यकीय अधिकाऱ्यांची तालुक्याला मासिक बैठक आजही होते. तिथं अहवालांचे आकडे भरतात. त्यातली वीस मिनिटं काढायला कुणाची परवानगी लागावी असं वाटत नाही.

आणि पहिला विषय सुचवायचा तर विंचूच घ्या. महाडची २०११ ची चाचणी इंटरनेटवर पूर्ण फुकट उघडते, मोबाइलवरसुद्धा. वाचायला अर्धा तास लागतो. मग आपल्या दवाखान्यात, सोनईत, घोडेगावात, नेवाशाच्या ग्रामीण रुग्णालयात प्राझोसिनच्या गोळ्या आणि हाफकिनचं प्रतिविष आत्ता शिल्लक आहे का, ते उद्या सकाळी विचारून या.

आता प्रश्न घेऊ. मागे बसलेल्या आशाताईंनी मघाशी हात वर केला होता, त्यांच्यापासून सुरू करू.